कुलूप उद्यानातल्या खोलीला की कष्टकऱ्यांच्या म्हातारपणाला?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, आजार, अपंगत्व यांच्याबरोबर वार्धक्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत मिळवून द्यावा, असे हा अनुच्छेद सांगतो. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही आणि आमचे राज्यकर्ते 'आर्थिक ताकदीची मर्यादा' एवढेच शब्द पाठ करून बसतात. पण जिथे जनतेचा पैसा आधीच खर्च झाला आहे, भिंती उभ्या आहेत, डोक्यावर स्लॅब आहे, फक्त दाराला कुलूप आहे, तिथे कोणती आर्थिक मर्यादा आड येते? हा प्रश्न आम्ही वारज्यातील कष्टकरी वृद्धांच्या वतीने पुणे महानगरपालिकेला विचारत आहोत.

महापालिकांच्या उद्यानांतून फिरणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. कधी नगरसेवकाच्या निधीतून छोटा हॉल बांधला जातो, कधी व्यायामशाळा, कधी वाचनालय, कधी माळ्याची किंवा पहारेकऱ्याची खोली. उद्घाटन होते, नावाची पाटी लागते, फोटो छापून येतो. पुढे निवडणूक होते, माणूस बदलतो, ठेकेदाराची मुदत संपते आणि दाराला कुलूप लागते. काचा फुटतात, नळ चोरीला जातात, आत तुटके बाक आणि वाळलेला पालापाचोळा साठतो. रात्री तिथे दारूच्या बाटल्या जमतात आणि मग 'गैरप्रकार होतात' म्हणून कुलूप आणखी पक्के केले जाते. म्हणजे आधी इमारत ओस पाडायची आणि ती ओस आहे म्हणून पुन्हा बंद ठेवायची. या न्यायाला काय म्हणावे?

सार्वजनिक जागा कोणाची, हा आमच्यासाठी नवा वाद नाही. पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. ठराव कागदावरच राहिला म्हणून बाबासाहेबांना १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर राज्याच्या निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक वावराच्या जागाही आल्या. उद्यान ही अशीच जागा आहे. आज उद्यानाच्या फाटकावर कोणी जात विचारत नाही, हे खरे. पण जागा कोणत्या वेळी उघडी असावी, कोणत्या कामासाठी असावी आणि तिची किल्ली कोणाकडे असावी, हे ठरवताना कष्टकऱ्यांना कोण विचारतो?

वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. तोवर ते मुठेकाठचे शेतीचे गाव होते. मग महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या, सोसायट्या झाल्या, बंगले झाले. हे सारे ज्यांनी बांधले ते बिगारी, त्यात धुणीभांडी करणाऱ्या बाया, कचरा वेचणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, ओझी वाहणारी माणसे याच भागातल्या वस्त्यांमधून राहिली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडची जी कुटुंबे पुण्यात आणून टाकली, त्यांची पहिली पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. वारजे वस्ती म्हणून वाढले ते यांच्याच घामावर. कोणी पत्र्याच्या खोलीत आहे, कोणी पुनर्वसनाच्या इमारतीत. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून गरिबांसाठी जी घरे झाली त्यांचे किमान क्षेत्र होते २५ चौरस मीटर. एवढ्या जागेत मुलगा, सून, नातवंडे आणि म्हातारा-म्हातारी! झोपडीत निदान दारापुढे ओटा होता, शेजारीण बोलायला होती. चौथ्या मजल्यावर गेल्यावर ओटाही गेला. लिफ्ट बंद पडली की म्हातारी आठ-आठ दिवस खाली उतरत नाही.

आता उद्यानाची वेळ पाहा. पुण्यातील महापालिकेची उद्याने साधारणपणे सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी फिरून, संध्याकाळी गप्पा मारून जो आपल्या पंख्याखालच्या खोलीत परत जाऊ शकतो, त्याला ही वेळ सोयीची आहे. पण पत्रा तापतो दुपारी. मुले कामावर असतात दुपारी. रात्रपाळी करून आलेला मुलगा एकाच खोलीत झोपतो तोही दुपारी, आणि म्हातारा आवाज होऊ नये म्हणून बाहेर येऊन बसतो. कुठे बसतो? दुकानाच्या पायरीवर, रिक्षा थांब्यावर, पुलाखाली. ज्या घटकेला या माणसाला सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा हवी, नेमक्या त्याच घटकेला जनतेच्या पैशाने वाढवलेल्या झाडांचे फाटक बंद असते आणि त्या झाडांखालच्या इमारतीलाही कुलूप असते!

आमची मागणी म्हणून साधी आहे. उद्यानांतील ओस इमारती दुरुस्त करा आणि त्या दुपारी उघड्या ठेवा.

कोणी म्हणेल, पुण्यात विरंगुळा केंद्रे आहेतच की! आहेत आणि ती असावीत. ज्येष्ठ नागरिक संघ तिथे व्याख्याने घेतात, वाढदिवस साजरे करतात, सहली काढतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण विरंगुळा हा शब्दच पेन्शनीत निघालेल्या माणसाचा आहे. नोकरी संपली, निवृत्तिवेतन सुरू झाले, आता वेळ कसा घालवायचा, हा त्याचा प्रश्न. साठीतही चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला वेळ घालवायचा नसतो, तिला गुडघे टेकवायचे असतात. तिला विरंगुळा नको, विसावा हवा. वर्गणी, सभासदत्वाचा अर्ज, पांढरपेशी बोली, समोरच्याची नजर या सगळ्यांतून ती त्या दारापर्यंत पोचतच नाही. तिला कोणी हाकलत नाही, पण या म्हणूनही कोणी म्हणत नाही.

आणि म्हातारपण तरी सर्वांच्या वाट्याला सारखे येते काय? संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील २००४-०५ च्या पाहणीचा आधार घेऊन एक भीषण वस्तुस्थिती मांडली आहे. दलित स्त्रियांचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चजातीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे. म्हणजे १४.६ वर्षांचे अंतर! अस्वच्छ पाणी, अपुरे अन्न, उपचारांचा अभाव आणि जन्मभराचे अंगमेहनतीचे काम यांनी ही वर्षे खाल्ली. ज्या समाजाला म्हातारे होण्याइतके जगूच दिले जात नाही, त्या समाजातले जे कोणी एवढे सोसून साठीपार पोचले, त्यांना बसायला एक खोलीसुद्धा देऊ नये?

सरकारी मदतीचा हिशेबही पाहून घेऊ. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत मिळणारी रक्कम २०१९ पर्यंत महिना ६०० रुपये होती, ती १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. त्यासाठी वय ६५ हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. २१,००० ला बाराने भागा, महिन्याला १,७५० रुपये होतात. पुण्यात कोणते कुटुंब एवढ्यात जगते? मुलगा सुरक्षारक्षक असला तरी बाप योजनेच्या बाहेर! असंघटित कष्टकऱ्यांना सन्मानाचे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून दिवंगत डॉ. बाबा आढाव उतारवयातही रस्त्यावर उतरले, ते याच कारणाने. पालक व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची भाषा करतो, पण तिथेही राज्य सरकार तो स्थापन 'करू शकेल' असा मोघम शब्द आहे. शिवाय आमच्या वस्तीतल्या बहुतेक वृद्धांना वृद्धाश्रम नकोच आहे. त्यांना रात्री लेकरांतच झोपायचे आहे. त्यांचा प्रश्न दिवसाचा आहे.

केरळने हा प्रश्न ओळखला. तिथे ग्रामपंचायती आणि नगरपालिका वृद्धांसाठी 'पकलवीडु' चालवतात. पकलवीडु म्हणजे दिवसाचे घर. सकाळी यायचे, सोबतीने दिवस काढायचा, संध्याकाळी आपल्या घरी जायचे. तिथल्या सामाजिक न्याय विभागाने 'सायंप्रभा' या नावाने अशा केंद्रांना बळ दिले. केरळला जमते ते फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला का जमू नये?

आणि पडीक सार्वजनिक जागेचे सोने होऊ शकते, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो वारज्यातच आहे. वन विभागाची पडीक, अतिक्रमणाच्या तोंडी गेलेली जमीन लोकांच्या सहभागातून झाडांनी भरली. ५ जून २०२० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशातील २०० शहरांसाठी नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा आदर्श म्हणून वारज्याच्याच वनाचा दाखला दिला. झाडांसाठी सरकार, संस्था, नागरिक एकत्र आले, याचा आम्हाला आनंद आहे. मग माणसांसाठी का येऊ नयेत?

या कामाला कोटींचे प्रकल्प आणि सल्लागार नेमायची गरज नाही. पहिली गोष्ट, वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील प्रत्येक उद्यानातील बांधकामांची यादी फलकावर लावावी. कोणती इमारत कधी बांधली, किती खर्च झाला, किल्ली कोणाकडे, बंद केव्हापासून. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार माहिती आपणहून जाहीर करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. दुसरी गोष्ट, इमारतीची मजबुती तपासावी. धोकादायक असेल ती पाडावी, उरलेल्यांना पाणी, वीज, पंखे, चढायला उतार आणि धरायला कठडा द्यावा. तिसरी गोष्ट, स्त्रियांसाठी आतून कडी लागणारे, पाणी असलेले, बसता येईल असे शौचालय. ते नसेल तर आमच्या आयाबहिणी येणार नाहीत आणि बाकांवर नेहमीप्रमाणे फक्त पुरुष दिसतील. चौथी गोष्ट, महापालिकेच्या दवाखान्यातील डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथे यावा, रक्तदाब आणि साखर तपासावी. पाचवी गोष्ट, श्रावणबाळचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, आधारमधली चूक हे सारे भरून देणारा एक माणूस तिथे ठराविक दिवशी बसावा. अंगठा उठत नाही म्हणून ज्याचे पैसे अडले आहेत, त्याला भजनापेक्षा याची गरज अधिक आहे. आणि दुपारी स्वस्तात पोटभर जेवण. हमाल पंचायतीने पुण्यातच 'कष्टाची भाकर' चालवून ते कसे करता येते हे दाखवले आहे.

दोन धोके मात्र आत्ताच सांगून ठेवतो. उघडलेली खोली पाहता पाहता कोण्या पक्षाचे जनसंपर्क कार्यालय होते, किंवा एका कोपऱ्यात मूर्ती बसते, मग आरती सुरू होते आणि जागा सर्वांची राहत नाही. म्हणून केंद्र धर्मनिरपेक्ष असेल, कोणाचाही फोटो प्रचारासाठी लागणार नाही, ते कोणत्याही संस्थेला कायमचे बहाल होणार नाही, हे लेखी ठरले पाहिजे. व्यवस्थापन समितीत वस्तीतील वृद्धांना आणि त्यांतही निम्म्या स्त्रियांना जागा हवी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. तेव्हा विचारायला कोणी नाही, ही सबब चालून गेली. आता निवडून आलेले सभागृह आहे, आता ती सबब नाही. याच पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून महात्मा फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर जनतेचा पैसा उधळण्यास विरोध करून तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे ते एकटे म्हणाले. आजच्या सभागृहात असे एक तरी माणूस असावे, एवढीच अपेक्षा.

महापालिकेला बोल लावताना आम्ही आमच्या समाजालाही एक गोष्ट विचारू. आमची किती विहारे, किती समाजमंदिरे वर्षभर दुपारी उघडी असतात? १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. मधल्या दिवसांत किल्ली कोणाच्या तरी घरात खुंटीला असते. महापालिकेच्या कुलपावर बोलण्याआधी निदान आपल्या दाराचे कुलूप आपण काढू शकतो. एक माठ, दोन सतरंज्या आणि वर्तमानपत्र वाचून दाखवणारा एखादा विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होते.

सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. २९ वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा तर्क होता. सिद्धार्थाच्या बाबतीत न पटणारी ती गोष्ट आमच्या कारभाऱ्यांच्या बाबतीत मात्र तंतोतंत खरी आहे. दुकानाच्या पायरीवर बसलेला म्हातारा त्यांना रोज मोटारीतून जाताना दिसत नाही. तो दिसेल अशी व्यवस्था आता आपल्यालाच करावी लागेल.

वारज्यातील तरुणांनो, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उद्यानातील प्रत्येक बंद खोलीचा हिशेब मागा. उत्तर आले की वस्तीतल्या आजी-आजोबांना सोबत घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा आणि भर दुपारी जा. ते तिथल्या पंख्याखाली बसू द्या. किल्ली मिळेपर्यंत उठू नका.

जय भीम!