अंगणातून पाहा खग्रास चंद्रग्रहण

सूर्यग्रहण पाहायचे तर विशिष्ट चष्मे हवेत, बहुधा दूरचा प्रवास हवा आणि एवढे करून खग्रास अवस्था हाती लागते ती जेमतेम काही मिनिटांची. चंद्रग्रहणास यातले काहीच लागत नाही. त्या वेळी ज्यांच्या आकाशात चंद्र असेल, अशा निम्म्या पृथ्वीवरील सर्वांना ते एकाच वेळी दिसते. ते नुसत्या डोळ्यांनी पाहता येते आणि तासन्‌ तास चालते. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून ते निवांत पाहता येईल. हवे आहे ते फक्त निरभ्र आकाश. आपल्याकडे अडचण येते ती नेमकी तेथेच.

पावसाळ्याने हिरावलेली ग्रहणे

२७ जुलै २०१८ च्या मध्यरात्रीचे ग्रहण हे एकविसाव्या शतकातील सर्वांत दीर्घ खग्रास चंद्रग्रहण होते. खग्रास अवस्था तब्बल १०३ मिनिटे टिकली. मात्र कोकणात तो ऐन आषाढ होता. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, ८२ मिनिटांची खग्रास अवस्था होती. तेव्हाही पावसाळा सरलेला नव्हता. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणाची तिथी फाल्गुन पौर्णिमेची, म्हणजे स्वच्छ आकाशाची. पण त्यातील खग्रास अवस्था आपल्याकडील चंद्रोदयापूर्वीची आहे. याउलट ३१ जानेवारी २०१८ रोजी चंद्र पूर्वेला उगवला तोच ग्रासलेला. पंचांगात यालाच ग्रस्तोदय म्हणतात.

त्यानंतर आपल्याकडून संपूर्ण दिसू शकणारे खग्रास चंद्रग्रहण आहे ते ३१ डिसेंबर २०२८ चे. पौष पौर्णिमा, कोरडी हवा आणि वर्षाची अखेरची रात्र असा हा योग आहे. त्याच्या ठळक वेळा (भारतीय प्रमाणवेळेनुसार, सुमारे) अशा :

- खंडग्रास ग्रहणास आरंभ : रात्री ८.३७
- खग्रास अवस्थेस आरंभ : रात्री ९.४६
- ग्रहणमध्य : रात्री १०.२२
- खग्रास अवस्थेचा शेव‌ट : रात्री १०.५७
- ग्रहणमोक्ष : मध्यरात्रीनंतर १२.०६

सावलीचे गणित

पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेस अवकाशात शंकूसारखी निमुळती होत जाते. चंद्राच्या अंतरावर या गडद छायेची रुंदी सुमारे नऊ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या अडीच ते पावणेतीन पट भरते. तिच्याभोवती विरळ छायेचे, म्हणजे उपच्छायेचे वलय असते. प्रत्येक पौर्णिमेस चंद्र सूर्यासमोर येतो. परंतु त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक वेळा तो या छायेच्या वरून अथवा खालून निघून जातो. छेदनबिंदूच्या, म्हणजे राहू-केतूच्या, जवळ पौर्णिमा घडली तरच ग्रहण होते. चंद्र आपल्या कक्षेत तासाला साधारणपणे स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. त्यामुळे छायेत पूर्ण शिरण्यास त्याला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो.

हा कार्यकारणभाव आर्यभटाने इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीय' ग्रंथात स्पष्ट सांगितला आहे. आधुनिक काळात मराठीत हे गणित रुजविणाऱ्यांपैकी एक तर याच किनाऱ्याचे. केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केले आणि १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध केला. पंचांगातील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ग्रहण ही त्या जुळणीची सर्वांत उघड परीक्षा होय. छापलेल्या वेळेला सावली चंद्रास स्पर्श करते की नाही, हे कोणालाही आपल्या घड्याळावरून ताडून पाहता येते.

समुद्राकडे पाठ करा

किनाऱ्यावरच्या माणसाची नजर सवयीने पश्चिमेकडे, समुद्राकडे जाते. ३१ डिसेंबर २०२८ रोजी मात्र चंद्र पूर्वेच्या आकाशात असेल. ग्रहणारंभी तो क्षितिजापासून सुमारे ३३ अंश वर, तर ग्रहणमध्यास सुमारे ५७ अंश वर असेल. मोक्षाच्या वेळी तो जवळजवळ माथ्यावर येईल. नारळी-पोफळीच्या दाट वाडीत घर असेल तर पूर्वेची बाजू मोकळी दिसेल अशी जागा आधीच्या एखाद्या पौर्णिमेस हेरून ठेवावी. गच्चीला धक्का, म्हणजे कठडा, असल्याची खात्री करून घ्यावी आणि घरातील व अंगणातील दिवे बंद करावेत.

किनाऱ्यावर जाऊन ग्रहण पाहण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचे कारण ग्रहणात नसून तिथीत आहे. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमा ही पंधरावी तिथी; तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेस दुपारी आणि रात्री सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तीही उधाणाची. चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज होत नसल्यामुळे रात्री उशिराचे ग्रहण आणि उधाणाची भरती यांची गाठ ठरलेलीच. ग्रहणामुळे पाणी वेगळे असे चढत नाही, ते नेहमीच्या पौर्णिमेइतकेच चढते; पण खग्रास अवस्थेत चांदणे नाहीसे झालेले असते आणि पाणी काळोखात वाढत असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला पायी जाता येते. त्या वेळी ती वाट पाण्याखाली असेल. खडकांवर, पुळणीच्या कडेला वा खाडीच्या तोंडाशी बसून आकाशाकडे पाहत राहणे धोक्याचे आहे. घरचे अंगण सर्वांत सुरक्षित.

काय पाहावे?

उपच्छायेचा परिणाम सुरुवातीस जाणवत नाही. खंडग्रास ग्रहणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी चंद्राची एक कड धुरकटल्यासारखी दिसू लागते. पुढे गडद छाया चंद्राच्या पूर्वेकडील, म्हणजे तो उगवतीकडे असताना खालच्या बाजूने शिरते. तिची कड नेहमीच वाटोळी असते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी दिला होता.

चंद्र पूर्ण बुडाला की तो नाहीसा होत नाही, तांबूस होतो. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून जाणारे सूर्यकिरण छायेत पोहोचतात. वाटेत त्यांतील निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा उरतो. त्या क्षणी जगातील सर्व सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा उजेड चंद्रावर पडलेला असतो. वातावरण किती स्वच्छ आहे यावर हा रंग अवलंबून असतो. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने राख आणि वायू उंच फेकले. परिणामी डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र अतिशय काळवंडला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी दिली आहे. शून्य म्हणजे जवळजवळ न दिसणारा चंद्र, चार म्हणजे उजळ तांब्याच्या रंगाचा. घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे अंक लिहावा आणि मग ताडून पाहावा.

याच वेळी चांदण्यात लोपलेले तारे पुन्हा प्रकटतात. २०२८ च्या ग्रहणात चंद्र मिथुन तारकासमूहात असेल. जवळच मृग, पलीकडे रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका ओळखता येईल. साधी द्विनेत्री असेल तर चंद्राचा गोलपणा अधिक उठून दिसतो. मोबाइलने छायाचित्र घ्यायचे असल्यास फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल तिकाटण्यावर वा भिंतीला टेकवून स्थिर करावा.

मुलांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. कागदावर वाटीच्या काठाने सारखी वर्तुळे काढून ठेवावीत आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीची कड त्यांत रेखावी. ती वक्र रेषा कंपासने पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ केले की सावली चंद्राच्या किती पट आहे ते दुसऱ्या दिवशी घरीच मोजता येईल. उत्तर अडीच-पावणेतीनच्या आसपास आले तर मुलांनी अंगणात बसून विश्वाचे एक माप घेतले असे खुशाल समजावे.

वेध आणि गर्भवती

चंद्रग्रहणाचे वेध परंपरेने तीन प्रहर, म्हणजे नऊ तास, आधी लागतात. अनेक घरांत या काळात जेवण वर्ज्य असते. पूजाअर्चा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे; परंतु गर्भवती स्त्री, लहान मूल, मधुमेहाचा रुग्ण यांना तासन्‌ तास उपाशी व तहानलेले ठेवणे हे प्रत्यक्ष अपायकारक ठरू शकते. पंचांगांतही बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी सवलत दिलेली असते, याचा मात्र घरोघरी विसर पडतो. ग्रहणातील चंद्रप्रकाश हा परावर्तित सूर्यप्रकाशच होय, आणि तोही नेहमीपेक्षा मंद. त्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांस वा पोटातील बाळास इजा होत नाही. भाजी चिरल्याने बाळात व्यंग येते, या समजास कोणताही आधार नाही. तेव्हा घरातल्या सुनेला दार लावून आत बसविण्याऐवजी वेळेवर जेवू घालावे, अंगणात खुर्ची टाकून द्यावी आणि शाल पांघरून सर्वांबरोबर चंद्र पाहू द्यावा.