फेजच्या गल्लीत दुभाषी नात

परदेशातल्या मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो, मुलांच्या मराठीचा. आमच्या घरात तो तिरंगी आहे. आम्ही मॉन्ट्रियलला राहतो. क्वेबेकमध्ये १९७७ च्या भाषा कायद्यामुळे स्थलांतरितांच्या मुलांना सहसा फ्रेंच शाळेतच घालावं लागतं. त्यामुळे माझी दहा वर्षांची लेक शाळेत फ्रेंच, मैत्रिणींशी इंग्रजी आणि घरी मराठी बोलते. मराठी बोलते, पण वाचत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे माझं फ्रेंच ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’च्या पुढे फारसं गेलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा कोल्हापूरहून आले. रोज रंकाळ्याला फेरी मारणारे बाबा डिसेंबरात खिडकीतून बर्फ बघत बसले. आईची काळजी वेगळीच, "पोरगी दिवसभर त्या फ्रेंचमध्ये. उद्या माझ्याशी बोलणार कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी विषय बदलला आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मोरोक्कोला जायचं ठरवलं.

मोरोक्कोच का? एक तर मॉन्ट्रियलहून कासाब्लांकाला थेट विमान आहे, साधारण सात तासांचं. दुसरं म्हणजे आमच्या शहरात मोरोक्को, अल्जेरियाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. जाँ-तालों रस्त्यावरच्या एका भागाला ‘पेती माग्रेब’ असंच नाव आहे. तिथून खजूर आणताना त्या देशाबद्दल कुतूहल वाटायचं. आमच्या तारखांना बसणारी गाईडसह सहल मात्र फ्रेंचमधली मिळाली. म्हटलं, बघू, फोनवर भाषांतर करता येईल.

कासाब्लांकाला समुद्राकाठची हसन दुसरा मशीद पाहिली. १९९३ मध्ये पूर्ण झालेली, आणि गाईडबरोबर गेलं तर बिगरमुस्लिमांनाही आत जाता येतं. गाईड भरभर बोलत होता. फोन एक वाक्य पकडेपर्यंत तो पुढच्या खांबाशी पोचलेला असे. आई कंटाळून म्हणाली, "काय म्हणतोय रे तो?" मी फोन हलवत राहिलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी, वरचं छप्पर बाजूला सरकतं म्हणे. उन्हाळ्यात आकाश दिसतं."

त्या क्षणापासून फोन खिशात गेला. नात पुढे, आजी-आबा मागे, आणि मी सर्वांत शेवटी, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

रबातनंतर मेकनेस. मौले इस्माईल या सुलतानाने राजधानी केलेलं हे शहर, मैलोन्‌मैल तटबंदी आणि प्रचंड कोठारं. गाईड म्हणाला, सुलतान १६७२ मध्ये गादीवर आला. बाबा लगेच थांबले. "म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी!" लेकीने ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि वर स्वतःची भर घातली की तेव्हा फ्रान्समध्ये चौदावा लुई होता आणि क्वेबेक त्याचंच होतं, शाळेत शिकवलंय. गाईड खूश झाला. याच इस्माईलने पुढे लुईच्या मुलीला मागणी घातली होती, असं त्याने सांगितलं. लग्न काही झालं नाही. आईने विचारलं, "पत्रिका जुळली नाही का?" हे मात्र नातीला फ्रेंचमध्ये नेता आलं नाही.

मग फेज. इथलं जुनं शहर १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारी आत येतच नाहीत. गॅसच्या टाक्यांपासून कातड्यांपर्यंत सगळं खेचरावरून येतं. मागून हाकारा येतो, "बालाक! बालाक!" आईने पटकन नातीला जवळ ओढलं. "बालकाला सांभाळा म्हणतायत बघ." त्या शब्दाचा अर्थ ‘बाजूला व्हा’ असा निघाला. तरी आईचा अर्थही चुकीचा नव्हता. अल-करावियिन दारातूनच पाहावं लागलं. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने ८५९ मध्ये ते सुरू केलं, अशी तिथली परंपरा सांगते. आजही तिथे विद्यापीठ आहे, हे ऐकून आईने उंबऱ्याबाहेरून हात जोडले.

शुआरा इथे कातडी कमावतात. दुकानाच्या गच्चीवर जाताना प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी देतात, कारण वास भयंकर. खाली दगडी हौदांत माणसं गुडघाभर पाण्यात उभी. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरून कातडं मऊ करतात, मग रंगवतात. बाबांनी काडी नाकाला लावलीच नाही. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. कोल्हापुरी चपला करणाऱ्यांच्या कर्जांच्या निमित्ताने असले हौद त्यांनी खूप पाहिलेत. ते म्हणाले, "विचार त्याला, हिरडा घालतात का? आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा."

लेक गाईडकडे वळली आणि थांबली. "बाबा, हिरडा म्हणजे काय?"

मला शब्द माहीत होता, वस्तू डोळ्यांसमोर येत नव्हती. बाभूळही तिने कधी पाहिलेली नाही. तीन भाषा येणारी मुलगी आणि तिचा इंजिनिअर बाप, दोघंही गप्प. शेवटी बाबांनीच हातवारे केले, झाडाची साल सोलून, कुटून दाखवली. गाईड हसला. सालीने इथेही कातडं कमावतात म्हणाला. सगळे पुढे निघाले, पण मी तिथेच अडकलो. आईची भीती मी ‘पोरगी बोलते की मराठी’ म्हणून उडवून लावायचो. पण बाबांच्या आयुष्यातले शब्द आधी माझ्याकडूनच गळाले होते.

माराकेशच्या वाटेवर गाईडने रस्त्यावरची पाटी दाखवली. अरबी, फ्रेंच आणि तिसरी लिपी गोल-त्रिकोणांसारखी, तिफिनाघ. ही त्याच्या घरच्या अमाझिग भाषेची लिपी. २००३ पासून ती शाळांत शिकवू लागले, २०११ च्या राज्यघटनेने भाषेला अधिकृत दर्जा दिला. त्याच्या लहानपणी शाळेत ती नव्हतीच. "मला ती वाचता येत नाही," तो म्हणाला, "माझा मुलगा मला पाट्या वाचून दाखवतो." लेकीने हे आजीला सांगितलं. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "आजी, माझं उलटं आहे ना? आबांना वाचता येतं, मला नाही."

आईने काही उपदेश केला नाही. पर्समधून पेन काढलं, सहलीच्या कागदामागे ‘ह’ लिहिला आणि त्याला वेलांटी दिली.

आई-बाबा मे महिन्यात परत जातील. सध्या रविवारी जेवणाच्या टेबलावर पाटी-पेन्सिल असते. लेक अजून ‘भ’ आणि ‘म’मध्ये गोंधळते. शेजारी मीही वही घेऊन बसतो. बाबा एकेक शब्द सांगतात आणि मी तो अर्थासकट लिहून ठेवतो. पहिल्या पानावर पहिला शब्द हिरडा आहे.