घरबसल्या घर (भाग ६) : सिंकखालचा डबा

गेल्या आठवड्यात आपण ओट्याची मापं घेतली आणि भिंतीचा काटकोन बहुधा काटकोन नसतो हे पाहिलं. मापं हातात आली की माणूस रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसतो आणि चित्रं बघायला लागतो. राखाडी चकचकीत शटरं, खाली मंद दिवे, ओट्यावर एका वाडग्यात तीन लिंबं. सिलिंडर नाही, कुकर नाही, खरकटं तर नाहीच. त्या स्वयंपाकघरात कुणी कधी फोडणी घातली असेल असं वाटत नाही, आणि ते खरंच असतं. बरीचशी चित्रं संगणकावर काढलेली असतात.

चित्रात दिसतं ते शटर. पण कुजतो, फुगतो आणि वाळवीच्या तोंडी जातो तो शटरामागचा डबा. म्हणून कपाटं घेताना मी आधी सिंकखालच्या डब्याची चौकशी करतो. रंग, हँडल, काचेची दारं ही सगळी पुढची गोष्ट.

हे शहाणपण विकत घेतलेलं आहे. चार वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरून मी सिंकखालचं तयार युनिट मागवलं. पानावर लिहिलं होतं ‘इंजिनिअर्ड वुड, वॉटर रेझिस्टंट’. वाचायला भारदस्त. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकच्या नळीचा वायसर सैल झाला आणि थेंब थेंब पाणी तळाच्या फळीवर पडत राहिलं. समोर फिनेलच्या बाटल्या असल्यामुळे आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. बाटल्या काढल्या तेव्हा फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली होती. बिजागरीचा स्क्रू मी स्क्रूड्रायव्हरशिवाय, नुसत्या बोटांनी बाहेर काढला. त्याच्याबरोबर चमचाभर भुसाही आला.

‘इंजिनिअर्ड वुड’ हे कुठल्या एका मालाचं नाव नाही. पुतण्याला कुणी जात विचारली आणि त्याने ‘माणूस’ म्हणून सांगितलं, तसला तो प्रकार. लाकडाचे बारीक तुकडे डिंकात दाबून केलेला पार्टिकल बोर्ड त्यात येतो. आमचे मिस्त्री त्याला सरळ ‘भुशाचा बोर्ड’ म्हणतात. लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ येतो. त्याचाच जास्त घट्ट, दमट हवेला टिकणारा भाऊ एचडीएचएमआर येतो. आणि पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेला प्लायसुद्धा येतो. पाण्यात या चौघांची गत वेगवेगळी होते. विक्रेता नेमकं नाव सांगत नसेल, तर बहुतेक वेळा माल या चौघांतला सगळ्यात स्वस्तातला असतो.

प्लाय म्हटलं की आपण निर्धास्त होतो, तेही बरं नाही. प्लायचं मर्म डिंकात आहे. एमआर म्हणजे ‘मॉइश्चर रेझिस्टंट’. हवेतला ओलावा तो सोसतो, साचलेलं पाणी सोसेल असा त्याचा दावाच नसतो. त्यात युरियाचा डिंक असतो. बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी या वरच्या प्रतींत बहुधा फिनॉलचा असतो आणि तो पाण्याला दाद देत नाही. साधा प्लाय आयएस ३०३ या मानकाखाली येतो आणि मरीन प्लाय आयएस ७१० खाली. मरीनचा नमुना ७२ तास पाण्यात उकळतात आणि मग पापुद्रे सुटतात का ते बघतात. कापलेल्या कडेकडे नीट पाहिलंत तर फिनॉलच्या डिंकाच्या काळपट-तपकिरी रेषा दिसतात. युरियाच्या जवळजवळ दिसतच नाहीत. पूर्ण खात्री यावरून होत नाही, पण संशय घ्यायला पुरेसं आहे. बोर्ड आतून हिरवा आहे म्हणजे तो वॉटरप्रूफ, असंही कुणी सांगतं. हिरवा हा नुसता रंग असतो, प्रत ओळखू यावी म्हणून कारखान्यात मिसळलेला.

‘आयएसआय मार्कचा माल’ असं कुणी लिहिलं तर शिक्क्याखालचा सीएम/एल क्रमांक मागा. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो घातला की परवाना कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मालासाठी आहे आणि चालू आहे का, ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता उलट बाजूही सांगतो, कारण भीती घालून माल खपवणारेही कमी नाहीत. सगळं स्वयंपाकघर मरीन प्लायमध्ये करायची गरज नसते. वरच्या कपाटांत, जिथे वाटाण्याचे डबे आणि दिवाळीची भांडी राहतात, तिथे चारही कडा नीट बंद केलेला चांगला बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो. पैसे घालायचे ते सिंकखाली, सिंकच्या दोन्ही बाजूंच्या डब्यांत आणि जमिनीलगत. आपण फरशी धुतो, नुसती पुसत नाही, हे बाहेरच्या देशांतल्या नकाशांवरून कपाटं बेतणाऱ्यांच्या ध्यानात नसतं. डब्याला चार इंचांचे प्लास्टिकचे पाय आहेत की डबा थेट लादीवर बसतो, हे जरूर विचारा.

ऑनलाइन खरेदीत आपल्याला माल ठोकून बघता येत नाही, पण एक गोष्ट पानावर बऱ्याचदा लिहिलेली असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही : वजन. ६० सेंटिमीटर रुंद, ७२ उंच आणि ५६ खोल असा एक डबा घ्या. दोन बाजू, तळ, मधली फळी, वरच्या दोन पट्ट्या आणि शटर, हे सगळं १८ मिलिमीटरचं. पाठ ६ मिलिमीटरची. भुशाच्या बोर्डाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तर हा डबा अंदाजे २५ किलोचा भरतो. एचडीएचएमआरचा असेल तर ३०च्या वर जातो. पानावर १७ किलो लिहिलं असेल तर ‘१८ मिमी’ हा आकडा फक्त शटराचा आहे आणि बाकीचा डबा १२ मिमीच्या आसपास आहे, असं समजा आणि विचारा. हा हिशेब मी आतापर्यंत तीन विक्रेत्यांपुढे मांडला. दोघांनी फोन ‘टेक्निकल टीम’कडे दिला, तिसऱ्याने खरं काय ते सांगून टाकलं. मी माल त्याच्याकडूनच घेतला.

कडांबद्दल थोडं. बोर्डाचं पृष्ठ सनमायकाने झाकलेलं असतं, पाणी शिरतं ते कडेतून. कारखान्यात यंत्राने लावलेली पीव्हीसीची पट्टी, ०.८ ते २ मिलिमीटर जाडीची, सगळ्या कडांना हवी. मागच्या आणि खालच्या, न दिसणाऱ्या कडांनाही. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत कोपरा मोठा करून बघा, कंपनीच्या फोटोत नको. आणि सगळ्यात मोठी गफलत आपल्याच घरात होते. कारखान्यातून शहाण्यासारखा बंद होऊन आलेल्या डब्याला जोडणीवाला सिंकच्या नळीसाठी करवतीने भोक पाडतो आणि ती कड तशीच उघडी ठेवून निघून जातो. ज्या जागी पाणी ठिबकणार, नेमकी तिथलीच. भोक पाडल्यावर कडेला सिलिकॉन फिरवून घ्या, समोर उभे राहून.

बिजागऱ्या आणि चॅनल यांचं कौतुक जाहिरातीत भरपूर असतं, त्यामुळे इथे थोडक्यात. मसाल्याच्या कप्प्याचं दार दिवसातून वीस वेळा उघडलं तर वर्षाला ७,३०० वेळा आणि दहा वर्षांत ७३ हजार वेळा उघडतं. म्हणून ‘सॉफ्ट क्लोज’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. बिजागरी कुठल्या कंपनीची, कितव्या मॉडेलची आणि किती उघडझापींना तपासलेली, ते लिहून मागा. ट्रॉलीचं चॅनल किती किलो पेलतं तेही विचारा. १४.२ किलो गॅसचा सिलिंडर भरलेला असताना तीसेक किलोचा असतो, आणि आपल्याकडे ज्वारी-तांदळाचे डबेही काही फुलासारखे नसतात. स्टीलच्या जाळ्यांना लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ भेटतात. त्याचा फारसा उपयोग नाही. चुंबक स्वस्तातल्या २०२ प्रतीलाही सहसा चिकटत नाही आणि चांगल्या ३०४लाही नाही. कोकणात, खाऱ्या हवेत, फरक मात्र दोन वर्षांत दिसतो. बिलावर ‘एसएस ३०४’ असं लिहून घ्या.

बिल म्हटलं की चौरस फुटाचा दर आला. दर समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आहे का, त्यात डबा, शटर आणि हार्डवेअर सगळं धरलंय का, वाहतूक, जोडणी आणि जीएसटी वेगळे आहेत का, हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एका तागडीत घालणं.

यातली कुठलीच गोष्ट जमली नाही तरी एक कराच : आगाऊ पैसे भरण्याआधी डब्याच्या मालाचा चार इंची तुकडा मागवा. शटराचा नव्हे, तो ते हौसेने पाठवतात. तुकडा आला की पट्टीने जाडी मोजा, एक कड कापा आणि चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. प्लाय असेल तर जुन्या पातेल्यात चार तास उकळा. ते पातेलं मात्र पुन्हा दुधाला वापरू नका. तुकडा पाठवायला जो कां-कूं करतो, त्याचं पान बंद करा.

माल वेगळा निघाला तर? ई-कॉमर्ससाठीचे २०२०चे नियम सांगतात की सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते. पण तिथे कामाला येतो तो कागद. म्हणून खरेदीच्या दिवशी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पानावरचा मजकूर नंतर कधी बदलेल, सांगता येत नाही.

माझ्या सिंकखाली आता बोर्ड नाहीच. दोन्ही बाजूंना कडप्प्याच्या उभ्या फरश्या, मध्ये स्टीलची ट्रॉली आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतलं शटर. ही सूचना आमच्या चिपळूणच्या मावशीची. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात आलं तेव्हा तिचा दिवाणखाना रस्त्यावर टाकावा लागला. ट्रॉल्या तिने अंगणात नेऊन पाइपने धुतल्या आणि पुन्हा सरकवल्या. संकेतस्थळावर असलं काही मिळत नाही, गल्लीतला मिस्त्री करून देतो. बाकीची कपाटं मी ऑनलाइनच घेतली.

(पुढच्या आठवड्यात : चिमणी घ्यावी की खिडकी मोठी करावी?)