न्हाणीघरातली वाफ जाते कुठे?

मृग नक्षत्र लागते, शाळा सुरू होतात आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. गोव्यातील डॉक्टरांना यात नवल ते काही नाही. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा आग्रह झाला, तेव्हा बालदम्याच्या नव्या उपचारांविषयी लिहावे असा माझा विचार होता. परंतु त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकारवाणीने लिहिणारे सभासद आपल्यात आहेत. म्हणून एका अगदी साध्या, काहींना क्षुल्लक वाटेल अशा वस्तूविषयी लिहिण्याचे ठरवले. ती वस्तू म्हणजे न्हाणीघरातील एक्झॉस्ट फॅन. तिच्याकडे माझे लक्ष वळले ते माझ्याच एका चुकीमुळे.

फोंड्यातील चार वर्षांचा एक मुलगा तीन पावसाळे माझ्याकडे येत होता. जून ते सप्टेंबर या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी खोकला, छातीत घरघर, रात्री-अपरात्री नेब्युलायझर. दिवाळीनंतर मात्र तोच मुलगा ठणठणीत. मी निदान केले, इन्हेलर व स्पेसर दिला, वापरण्याची पद्धत समजावली, धूळ, धूर व अगरबत्तीविषयी विचारले आणि आपले कर्तव्य पुरे झाले असे मानले. तिसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्याच्या आईने फाईल टेबलावर ठेवली. तिला कुबट वास येत होता आणि मी स्वतः लिहिलेल्या कागदांवर हिरवट-काळे ठिपके उमटले होते. “फाईल जरा नीट ठेवत चला,” असे मी काहीशा त्राग्याने म्हणालो. त्यावर सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, “डॉक्टर, तिला बोल लावू नका. आमच्या कपाटातल्या सगळ्याच वस्तूंना असा वास येतो. कपाटामागची भिंत काळी पडली आहे. चवथीला रंग काढतो, दसऱ्यापर्यंत पुन्हा काळी.”

“आजी, बाळ कुठे झोपतो?” मी विचारले.

“त्याच भिंतीला लागून.”

तीन वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा, दोन शयनगृहांचा नेटका फ्लॅट. मुलाच्या खोलीला जोडून न्हाणीघर. त्याची लहानशी खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी, आणि डास व दुर्गंधी येऊ नये म्हणून तीही पुठ्ठा लावून कायमची बंद केलेली. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात पाच माणसांच्या गरम पाण्याच्या आंघोळी. त्यानंतर न्हाणीघर ‘सुकावे’ म्हणून त्याचे दार खोलीत सताड उघडे ठेवण्याची पद्धत. म्हणजे दीड तास कोंडलेली सारी वाफ मुलाच्या पलंगाकडे वाट काढत होती. भरीस भर म्हणून खोलीत दोरीवर धुतलेले कपडे. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु त्याच सकाळी माझ्या घरीही न्हाणीघराचे दार असेच उघडे टाकून मी निघालो होतो.

वाफेचा हिशेब

घरातील बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गळके छप्पर येते. बुरशीला मात्र वाहते पाणी लागत नाही. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते. ३० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. २० अंशांवर ही क्षमता जेमतेम १७ ग्रॅम उरते. आंघोळीनंतरची उबदार, बाष्पाने भरलेली हवा थंड भिंतीला लागली की जादा बाष्पाचे पाणी होते. कपाटामागे हवा खेळत नाही, तिथली भिंत सर्वांत उशिरा सुकते, म्हणून काळे डाग आधी तिथेच दिसतात. वॉशिंग मशीनमधून पिळून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांतूनही सुमारे दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत मिसळते.

मुलाच्या वडिलांनी एक रास्त शंका काढली. “डॉक्टर, आपल्याकडे आषाढ-श्रावणात बाहेरचीच हवा ओली असते. मग पंखा काय सुकवणार?” प्रश्न बिनतोड होता. पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. तरीही हिशेब करून पाहावा. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली तर घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम बाष्प होते. आंघोळीनंतरच्या कोंडलेल्या न्हाणीघरात ते ३० च्या घरात जाते. हे वरचे ओझे पंखा बाहेर टाकतो. बाहेरच्यापेक्षा अधिक कोरडी हवा तो निर्माण करू शकत नाही. त्यासाठी वातानुकूलन वा आर्द्रता शोषणारे यंत्र लागेल. भिंतीतून पाझरणारे पावसाचे पाणी किंवा फुटलेली नळी यांवरही पंखा हा उपाय नव्हे. तिथे गवंडी आणि प्लंबरच हवा.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या जुन्या घरात न्हाणी मागच्या बाजूला होती. चुलीवर तांब्याचे भाण, वर नळ्यांचे छप्पर. चुलीच्या उबेने भिंती सुकत आणि वाफ नळ्यांच्या फटींतून निघून जाई. त्या चुलीच्या धुराने कितीतरी बायकांची फुप्फुसे खराब केली, हे आपण डॉक्टर जाणतो. त्यामुळे त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु वाफेला वाट होती, एवढे खरे. न्हाणी शयनगृहाच्या पोटात आली, भोवती पक्क्या भिंती उभ्या राहिल्या आणि ती वाट बुजली.

पंखा बसवताना

त्या घरी महिन्याभरात पंखा बसला. आठ दिवसांनी आईचा फोन आला, “डॉक्टर, पंखा फिरतो, पण वाफ जात नाही.” कारण सोपे होते. न्हाणीघराचे दार खाली घट्ट बसत होते. आत येणारी हवा नसेल तर पंख्याने बाहेर फेकायचे तरी काय? सुताराने दार खालून दोन सेंटिमीटर कापले आणि काम झाले. परीक्षा घरच्या घरी करता येते. दार बंद करून, पंखा चालू करून दाराखालच्या फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरावी. ती आत ओढली गेली तर हवा वाहते आहे असे समजावे.

या अनुभवातून मी पालकांना जे सांगतो ते थोडक्यात असे. सहा बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सुमारे सात घनमीटर हवा मावते. तासाला निदान आठ वेळा ती बदलावी म्हटले तर ताशी ५५ ते ६० घनमीटर एवढी क्षमता लागते. बाजारातला १५० मिलिमीटरचा साधा पंखा त्याला पुरून उरतो. तो दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ असावा, म्हणजे हवा संपूर्ण खोली ओलांडून जाईल. त्याचे तोंड बाहेर उघडले पाहिजे. खोट्या छताच्या पोकळीत सोडलेली वाफ तिथेच बुरशी धरते. बाहेरून पावसाचा मारा अडवणारी, पंखा थांबताच मिटणारी झडप असावी. वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, अर्थिंग असावे आणि बटण न्हाणीघराबाहेर असावे. आंघोळ सुरू करताना पंखा लावावा, शेवटच्या आंघोळीनंतर दार बंद ठेवून आणखी २० ते ३० मिनिटे चालू द्यावा. ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालवला तर महिन्याला एक युनिटही वीज जळत नाही. पावसाळ्यात कपडे शयनगृहाऐवजी त्याच न्हाणीघरात, पंखा लावून वाळवता येतात. पात्यांवरची जळमटे दर दोन महिन्यांनी काढावीत.

जुनी बुरशी साबणाच्या पाण्याने घासून, भिंत पूर्ण सुकवून मगच रंग द्यावा. हे काम चालू असताना दम्याचे मूल त्या खोलीत नको. ब्लीच आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रावण कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो.

एक गंभीर इशारा

ज्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे त्यांनी पुढचे अवश्य वाचावे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि त्याला वासही नसतो. आंघोळ करताना बेशुद्ध पडलेल्या किंवा झटका आलेल्या मुलाला अपस्माराची औषधे सुरू करण्यापूर्वी, घरी गिझर कोणता आहे हे विचारलेच पाहिजे. पंखा लावला की हा धोका टळतो अशी समजूत असते. ती चुकीची आहे. हवेची वाट अपुरी असेल तर पंखा जळालेला वायू उलट आतच ओढू शकतो. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

केसपेपरवरचा एक प्रश्न

पुढच्या पावसाळ्यात त्या मुलाला रात्री नेब्युलायझर लागला तो दोनदाच. याचे सारे श्रेय मी पंख्याला देणार नाही. मूल वर्षाने मोठे झाले होते, इन्हेलरही नियमित घेतला जात होता आणि एका मुलावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु पुरावा एवढ्यावरच थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि श्वसनविकार व दमा यांच्याशी असलेला त्यांचा संबंध नोंदवला. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे दम्याच्या ६२ मुलांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरातील ओलीचे मूळ दूर केले त्या मुलांत दमा उसळण्याचे प्रसंग लक्षणीयरीत्या कमी आढळले. इन्हेलर थांबवण्याचे कारण यातून मिळत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

आणि एक घटना. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे जडलेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील न्यायिक चौकशीने काढला. घरात परिणामकारक वायुवीजन नव्हते. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांना भिंतीवर रंग मारण्याचा सल्ला मिळाला होता. त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद २०२३ च्या कायद्यात झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती तेथील सामाजिक गृहसंस्थांना लागू झाली.

रंग मारण्याचा सल्ला आपल्यालाही अपरिचित नाही. चवथीच्या आधी आपल्या कितीतरी घरांत हेच होते. गणपती येणार म्हणून भिंत उजळावी हे योग्यच. पण ती काळी का पडली, हे त्याआधी पाहावे.

डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती आहे की पावसाळ्यात वारंवार खोकणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी : मूल झोपते त्या खोलीत ओल आहे का, आणि न्हाणीघरातली वाफ जाते कुठे? माझ्या घरी गेल्या पाच वर्षांपासून पंखा आहे. त्या मुलाची फाईल आता नव्या कागदांची झाली आहे. जुन्या फाईलमधला डाग पडलेला एक कागद मात्र मी आजींकडून मागून घेतला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.