ज्यांची कबर दर्यात आहे

शब-ए-बरातच्या रात्री आमच्या उरणच्या कब्रस्तानात दिवे लागतात. घरोघरचे पुरुष आपापल्या मरहूमांच्या कबरींपाशी उभे राहून फातिहा पढतात. माझी नानी त्या रात्री मुसल्ल्यावर बसून सगळ्यांची नावं घेत दुआ मागायची. शेवटचं नाव तिच्या थोरल्या भावाचं असायचं. लहानपणी मी एकदा विचारलं, "नानी, त्यांची कबर कुठे आहे?" तिने मोरा बंदराच्या दिशेने हात केला. "दर्यात," एवढंच म्हणाली.

तो बोटीवर खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धात गेला तो परतला नाही. काही महिन्यांनी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. घरात ते वाचता येणारं कुणी नव्हतं. शेजारच्या गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितलं की बोट बुडाली. पुढे ते पत्रही घर बदलताना हरवलं आणि बोटीचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. नानीची भावजय मात्र कितीतरी वर्षं दाराची कडी वाजली की उठून बसायची. मय्यत डोळ्यांनी पाहिली नाही, तर मनाला कसं पटावं? १९३९ साली मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा आला. पतीचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर पत्नीला न्यायालयातून निकाह सोडवून घेण्याची वाट त्याने मोकळी केली. पण त्या माऊलीने ती वाट कधी धरली नाही.

अशी कहाणी कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांत सापडेल. आपल्याकडे 'बोटीवर जाणं' ही पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी. सारंग, टंडेल, सुखानी, खलाशी, आगवाला, भंडारी हे शब्द आजही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. मुंबई बंदरातून निघणाऱ्या ब्रिटिश बोटींच्या डेकवर कोकणातली आणि गुजरातची माणसं असत. इंग्रज या सगळ्या दर्यावर्द्यांना 'लास्कर' म्हणत. महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी बोटींवर असे सुमारे ५०,००० लोक होते, म्हणजे चार दर्यावर्द्यांत जवळपास एक.

हे सैनिक नव्हते. धान्य, कोळसा, दारूगोळा आणि फौजा वाहणाऱ्या बोटी ते चालवत होते, म्हणूनच पाणबुड्या त्यांच्यावर टपलेल्या असत. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' ही बोट इंग्लंडमधली मुलं सुरक्षित जागी पोहोचवण्यासाठी कॅनडाकडे निघाली होती. जर्मन पाणबुडीने ती अटलांटिकमध्ये बुडवली. ९० मुलांपैकी ७७ गेली, हे जगाला माहीत आहे. त्याच बोटीवरचे शंभरेक हिंदी खलाशी त्या थंड पाण्यात गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरी घटना तर आपल्याच बंदरातून निघालेल्या बोटीची. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तीनच दिवसांनी, २३ तारखेला, जपानी पाणबुडीने तिला अरबी समुद्रात बुडवलं. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना घेऊन ब्रिटिश युद्धनौका २७ तारखेला मुंबईला परतली. दुसऱ्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानचे ६,००० हून अधिक दर्यावर्दी मरण पावले. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून जास्त, ते वेगळेच.

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांची आठवण आपण कशाला काढायची? प्रश्न रास्त आहे. पण हे लोक साम्राज्यासाठी नव्हे, घरच्या चुलीसाठी गेले होते. त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार अगदीच तुटपुंजा होता. १९३९ साली लढाई सुरू होताच पगारवाढ आणि युद्धभत्त्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या बंदरांत बोटींवर चढायला नकार दिला. कित्येकांना त्यापायी तुरुंग भोगावा लागला. ते निमूट मान खाली घालणारे नव्हते, हेही मुलांना सांगायला हवं.

लंडनमध्ये टॉवर हिलला व्यापारी दर्यावर्द्यांचं मोठं स्मारक आहे. तिथे आपल्या माणसांची नावं नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची नावं स्मृतिग्रंथात लिहिली आहेत. एक ग्रंथ चितगावला, दुसरा मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का गाठला की तिथून अगदी जवळ! नानी आयुष्यभर ज्या दिशेला हात करत होती, त्याच दिशेला. तिला हे कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी मामूंना घेऊन मी गेले. नानीच्या भावाच्या नावाचे तिघे सापडले. एकाच्या वडिलांचं नाव जुळत नव्हतं. उरलेल्या दोघांपुढे ना वडिलांचं नाव होतं, ना गावाचं. आपला कोणता, ते कळेना. मी हिरमुसले. ऐंशीच्या घरातले मामू म्हणाले, "बेटा, तिघांसाठीही मागू. त्यांच्या घरचं कुणी आलं असेल की नाही, कुणास ठाऊक." आम्ही तिथेच हात उचलले.

तुमच्या घरातही असं कुणी असेल, तर वडीलधारे हयात आहेत तोवर विचारून घ्या. नाव, वडिलांचं नाव, गाव, बोट, साल, जे मिळेल ते वहीत उतरवा. पेटीत जहाजी नोकरीचं पुस्तक, पेन्शनचा कागद किंवा फोटो असेल तर जपा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावं विनामूल्य शोधता येतात. मात्र इंग्रजी स्पेलिंग निरनिराळी करून पाहा. इब्राहिम तिथे 'आय'ने सुरू होतो, तसा 'ई'नेही. आडनावाऐवजी वडिलांचंच नाव लागलेलं असू शकतं. आमच्यासारखं तिघांपाशी येऊन अडलात, तरी खटाटोप वाया गेला असं समजू नका.

बुडून मरण पावलेला मोमिन शहीदांत गणला जातो, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमधून आपल्याला कळतं. नानीला ही हदीस ठाऊक होती. म्हणूनच असेल, भावाचं नाव घेताना ती रडत नसे. यंदा शब-ए-बरातला मी तिच्याच मुसल्ल्यावर बसले. शेवटी तेच नाव घेतलं, आणि त्याच नावाच्या इतर दोघांसाठीही दुआ मागितली. अल्लाह तआला त्या सर्वांची मगफिरत करो. आमीन.