वाढलेली नखे आणि त्यांतला जिवंत गाभा

कुत्र्याच्या नखाचे बाहेरचे कवच केराटिन या निर्जीव प्रथिनाचे असले, तरी त्याच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ, जिवंत गाभा असतो, आणि घरी नखे कापताना होणारी बहुतेक इजा या गाभ्याला कात्री लागल्यानेच होते. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात मात्र तो बाहेरून दिसत नसल्यामुळे एका वेळी एक-दोन मिलिमीटरचाच काप घ्यावा आणि कापलेल्या भागाच्या मध्यावर गडद, ओलसर ठिपका दिसू लागताच थांबावे. चालताना फरशीवर टकटक वाजणारी नखे वाढलेलीच समजावीत. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, अंगठ्यासारखे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही, वळून मांसात रुतू शकते, आणि नेमके तेच विसरले जाते. चुकून रक्त आलेच, तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर काही मिनिटे दाबून धरावे. फार वाढलेल्या नखांत गाभाही लांबलेला असतो. म्हणून ती एका बैठकीत आखूड करण्याचा हट्ट धरू नये, दर आठवड्याला थोडी-थोडी कापल्यास गाभा हळूहळू मागे सरकतो. मांसात रुतलेले नख मात्र घरी न कापता कुत्र्याला पशुवैद्याकडेच न्यावे.