पायाचा चर आणि परवानगीचे आयुष्य

इंग्लंड-वेल्समधील बांधकाम-परवानगी ठराविक मुदतीत काम सुरू न झाल्यास संपुष्टात येते. हे बंधन १९६८ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने आणले. आज ते १९९० च्या अधिनियमातील कलम ९१ मध्ये आहे. सामान्यतः पाच वर्षांची असलेली ही मुदत इंग्लंडमध्ये २००४ च्या अधिनियमाने तीन वर्षांवर आली.

मग काम 'सुरू' केव्हा झाले म्हणावयाचे? कलम ५६ चे उत्तर विलक्षण उदार आहे. पायासाठी चर खणणे, जमिनीखाली नळ घालणे, रस्त्याच्या आखणीस हात घालणे, यांपैकी एक कृतीही पुरते. मॅल्व्हर्न हिल्स प्रकरणात (१९८२) तर रस्त्याची रेषा दाखविणाऱ्या खुंट्या रोवणेच पुरेसे ठरले! इमारत पुरी करण्याचा मालकाचा खरा हेतू होता किंवा काय, याची चौकशी केली जात नाही. काम परवानगीबरहुकूम आहे ना व ते अगदीच क्षुल्लक नाही ना, एवढेच पाहिले जाते. मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात घाईने खणलेल्या चरालाही म्हणूनच मोल येते.

या औदार्याला व्हिटली निर्णयाने (१९९२) मर्यादा घातली. 'अमुक आराखडा मंजूर झाल्याखेरीज काम आरंभू नये', अशी पूर्वशर्त मोडून केलेले काम परवानगी जिवंत ठेवीत नाही. अपवाद त्याच प्रकरणात घडला: मंजुरीचा अर्ज मुदतीत केलेला होता आणि मंजुरी पुढे मिळाली, म्हणून आधीचे काम ग्राह्य धरले गेले.

एकदा रीतसर आरंभ झाला की परवानगी केवळ स्वस्थ बसल्याने सोडून दिली असे होत नाही, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने पायोनियर ॲग्रिगेट्स प्रकरणात (१९८४) ठरविले. तथापि जिवंत परवानगी उपयोगी असतेच असे नाही. वेल्समधील अबरडोव्ही येथे १९६७ साली ४०१ घरांची परवानगी मिळाली. १९८७ मध्ये न्यायालयाने ती चालू असल्याचे मान्य केले. पण प्रत्यक्षात झाली ४१ घरे, आणि त्यांतील अनेक मूळ नकाशाशी न जुळणाऱ्या वेगळ्या परवानग्यांखाली. मूळ नकाशाप्रमाणे उर्वरित काम आता प्रत्यक्ष करणेच अशक्य झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हिलसाइड पार्क्स प्रकरणात २०२२ साली ठरविले.